रंगरावांचा गाडा आणि माझी कंबर

बायको आपल्याशी भांडत नाही, ही तक्रार घेऊन माणसाने कुठल्या खिडकीवर जायचं असतं, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं असतं तर लोकांनी पेढे मागितले असते. आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या मारुतरावांपाशी एकदा विषय काढून पाहिला. ते म्हणाले, "राव, तुम्ही तर सुखी माणूस!" आणि आत जाऊन त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला, कारण त्यांच्या स्वयंपाकघरातून तेव्हा त्यांच्याचबद्दल काहीतरी बोललं जात होतं.

आमच्याकडे मात्र आठ महिने शांतता. आठ महिन्यांपूर्वी अनिता आणि मी चांगले कडकडून भांडत होतो. विषय होता पडदे धुवायला टाकताना कड्या काढायच्या की नाहीत. विषय लहान असला तरी दोन्ही बाजूंची तयारी उत्तम होती. मी दारापर्यंत गेलो, गर्रकन वळलो, बोट वर केलं आणि म्हणालो, "आणि दुसरी गोष्ट..." तेवढ्यात कमरेत अशी उसण भरली की मी तसाच राहिलो, बोटासकट. अनिता आधी दुसऱ्या गोष्टीची वाट बघत होती. मग तिच्या लक्षात आलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. दुसरी गोष्ट काय होती, ते मला आजतागायत आठवलेलं नाही.

तेव्हापासून ती माझ्याशी अशा आवाजात बोलते, ज्या आवाजात आपण दवाखान्यात शेजारच्या कॉटवरच्या अनोळखी माणसाशी बोलतो. "उठता का? नको, राहू द्या." "चहा देऊ का? गरम आहे हं." मी काय काय करून पाहिलं नाही! ओला टॉवेल गादीवर टाकला. तिने तो गुपचूप उचलून वाळत घातला. तिच्या बहिणीसमोर, इंदुताईंसमोर, आमटी पाणचट झालीय असं म्हणालो. हे आमच्या घरात युद्धाचं आमंत्रण. अनिता म्हणाली, "उद्या घट्ट करते हं." इंदुताई इतक्या घाबरल्या की मला बाल्कनीत नेऊन हळूच विचारलं, "भावोजी, रिपोर्टमध्ये तसलं काही आलं नाही ना?"

मी चाकणला गाड्यांची सीटं बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. सीट पाठीला नीट आधार देते की नाही हे तपासणं, हे माझं काम. पंधरा वर्षं मी सगळ्या देशाच्या पाठींची काळजी वाहिली, आणि माझ्या स्वतःच्या पाठीला कमरेचा पट्टा. तोही अनिताने कंपनीच्या उरलेल्या सीट-कापडाचं, मरून रंगाच्या चौकटीचं, कव्हर शिवून दिलेला. पट्ट्याचं नायलॉन टोचतं म्हणून. न सांगता, न कुरकुरता शिवलं. पूर्वीची अनिता असती तर पट्टा शिवता शिवता माझ्या आईपासून सुरुवात झाली असती.

संध्याकाळी मी हॉलमध्ये सतरंजीवर उताणा पडायचो. डॉक्टरांनी स्नायू सैल करायची एक गोळी दिली होती, ती रात्री जेवणानंतर घ्यायची. पण मला गोळीची गरजच नव्हती, मी असाच तरंगायचो. पंख्याकडे बघता बघता छत विरघळायचं आणि कंपनीच्या बसमधून रोज दिसतो तो भामचंद्राचा डोंगर हॉलमध्ये यायचा. त्या डोंगरावरून मी सायकलवरून उतरतोय. कंबर आहे की नाही याचा पत्ताच नाही. वारा, पिवळं गवत, सायकलच्या चेनचा बारीक आवाज. आणि खाली पायथ्याशी अनिता, कमरेवर हात ठेवून, गावाला ऐकू जाईल अशी ओरडतेय, "अहो, वेड लागलंय का तुम्हाला!" इतर पुरुषांच्या स्वप्नात काय येतं ते मी कधी विचारलेलं नाही. माझ्या स्वप्नात एवढंच यायचं आणि मी सुखाने घोरू लागायचो.

अशा मनःस्थितीत कंपनीच्या कॅन्टीनमध्ये मला ती जाहिरात दिसली. त्याच डोंगराच्या पायथ्याच्या एका गावाच्या यात्रा कमिटीने यंदा सायकलची शर्यत ठेवली होती. शेतातून, ओढ्यातून, डोंगराला अर्धा वळसा घालून एकवीस किलोमीटर. आमच्या लाइनवरचा सुजित म्हणाला, "क्रॉस कंट्री म्हणतात सर याला. तुम्ही नका बघू, नुसतं वाचून तुमची नस दबेल."

झालं! मला तिथल्या तिथे कळलं की हीच ती. मी ही शर्यत पुरी केली, की अनिताला दिसेल की मी काही मोडलेला माणूस नाही. आणि तिला न सांगता केली, की भांडण पक्कं. आधी सांगून उपयोग नव्हता. ती डोळ्यांत पाणी आणून "नका ना जाऊ" म्हणाली असती, आणि त्या आवाजापुढे माझं काही चालत नाही.

फिजिओथेरपिस्ट मोनिकाला मी आडून विचारलं. ती माझ्या मुलीच्या वयाची, पण तिच्यासमोर मी शाळेतला मुलगा होतो. "काका, सायकल? स्वप्नातसुद्धा नको." मी म्हणालो, "स्वप्नात तर चालवतोच आहे." "मग तीही बंद करा," ती म्हणाली आणि माझा पाय माझ्या कानाच्या दिशेने ढकलला.

मारुतरावांचं मत वेगळं होतं. त्यांची शेती खेडकडची, तिथे आता कारखाना उभा आहे. पण मन अजून बैलगाड्यांच्या शर्यतीत. कुठल्याही गावची शर्यत मोबाइलवर लाइव्ह असली की ती ते मोठ्या टीव्हीवर लावून बसतात. ते म्हणाले, "आमच्या सोन्या बैलाला हेच झालेलं. माकडहाडाच्या वर. डाग दिला तापलेल्या सळईचा, महिन्यात शर्यतीच्या घाटात पळाला." मी म्हणालो, विचार करतो. ते म्हणाले, "विचार कसला? तुमच्याच गॅसवर सळई तापवू. आमचा सिलिंडर संपत आलाय."

सायकल मिळाली रंगरावांची. आमच्या कंपनीच्या बसेस रंगरावांच्या, कंपनीखालची जमीन एके काळी रंगरावांची, आणि शर्यतीच्या कमिटीचे अध्यक्षही रंगरावच. त्यांच्या मुलाने, स्वराजने, हौसेने जाड टायरची सायकल घेतली आणि वाकडला फ्लॅट घेऊन निघून गेला. सायकल राहिली गोठ्यात, शर्यतीच्या बैलाशेजारी. रंगराव बैलाबरोबर तिलाही रोज पुसत. हँडलला काळा दोरा आणि लिंबू.

"न्या की इन्स्पेक्टर," ते म्हणाले. "पन यक हाय. गाडा ज्याचा, नाव त्याचं. पुकारताना माझं नाव पुकारनार. हाकनाऱ्याचं नाव कुनी घेत न्हाई आमच्यात."

मला तर हर्षवायूच व्हायचा बाकी होता. माझं नावच येणार नाही! कंपनीला कळणार नाही, सोसायटीला कळणार नाही. मी पदक घेऊन घरी जाईन, ते जेवणाच्या टेबलावर ठेवीन आणि अनिता विचारेल, हे काय?

प्रवेशाचा फॉर्म पाहून मात्र मी थोडा चरकलो. कमिटीने बैलगाड्यांचाच फॉर्म पुढे चालवला होता. 'बैलाचे नाव' खोडून पेनने 'सायकलवाला' केलं होतं, पण पुढे खोडायचा कंटाळा आलेला दिसला. वय किती दाती, रंग, वशिंड, शिंगांचा आकार. मी दाती बत्तीस, रंग सावळा, वशिंड नाही, शिंगे लागू नाहीत, असं स्वच्छ अक्षरात भरलं. क्वालिटीच्या माणसाला रिकामा रकाना बघवत नाही. शेवटी, 'शर्यतीस योग्य असल्याचा डॉक्टरचा दाखला.'

हा डॉक्टर म्हणजे कोंडीराम डॉक्टर, गुरांचे. निवृत्त झालेले, पण कमिटीचा विश्वास त्यांच्यावरच. मी म्हणालो, "साहेब, मी माणूस आहे." ते म्हणाले, "ते मी बघतो." त्यांनी मला गोठ्याच्या दाव्यापाशी उभं केलं, मानेपासून खाली बोटं दाबत आले आणि कमरेपाशी थांबले. मी जो आवाज काढला त्याने शेजारच्या बैलाने मान वर केली. "हं," डॉक्टर म्हणाले. "नांगराला जुंपू नका. हलक्या कामाला चालंल." आणि सही केली. एवढी नेमकी तपासणी मोठ्या मशीननेही झाली नव्हती.

राहिली रजा. आमच्या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी गुरुवारी, रविवारी कामाचा दिवस. म्हणजे रविवारी नेहमीसारखा डबा घेऊन बसमध्ये बसलो, की घरी कुणाला शंका यायचं कारण नाही. पण कंपनीत रजा टाकायला हवी. एचआरच्या विजयश्री मॅडम म्हणाल्या, "कारण?"

"कंबर."

"सर, तुमच्या कमरेच्या सगळ्या रजा संपल्या."

मी फॉर्मवर लिहिलं, 'घरगुती वाद.' खोटं लिहिणं माझ्या स्वभावात नाही.

मॅडमचा चेहरा एकदम हळवा झाला. "मिटवायला चाललात?"

"नाही," मी म्हणालो, "सुरू करायला."

त्यांनी तो रकाना पुन्हा एकदा वाचला आणि रजा मंजूर केली.

डिसेंबरचा रविवार. निघताना अनिताने डबा दिला, म्हणाली, "सावकाश हं. बसमध्ये खिडकीशी बसू नका, गार वारा लागेल." मला इतकं वाईट वाटलं की सगळं सांगून टाकावं. नाही सांगितलं. बसमध्ये ती सैल करणारी गोळी घेतली. मोशी आली, म्हटलं आज एकीने काय होणार, म्हणून दुसरी घेतली.

गाव धुक्यात होतं. घाट, म्हणजे बैलगाडे पळवायचा तो लांबलचक चढ, अर्धाच दिसत होता. चौसष्ट सायकलवाले रंगीबेरंगी चिकट कपड्यांत उड्या मारून अंग गरम करत होते. मी कंपनीचा शर्ट, त्यावर मरून पट्टा, कारण कव्हर असूनही शर्टाच्या आत तो खाजतो, आणि हँडलला डब्याची पिशवी. कर्ण्यातून आवाज आला, "आणि शेवटची बारी, रंगराव शेठ यांचा गाडा, सुटलाऽऽ!" आणि मी सुटलो.

पुढचं सगळं मला मऊ आठवतं. बाकीचे धुक्यात शिरले आणि विरून गेले. मग कुणीच नाही. दोन्ही बाजूंना कांद्याची हिरवी रोपं, त्यांच्यावर पाण्याचे तुषार, तुषारांवर नुकतं उगवलेलं ऊन. दूर कुठेतरी पहिल्या शिफ्टचा भोंगा झाला आणि मला वाटलं, तो माझ्यासाठी नाही, आज कुठलीच वस्तू मला तपासायची नाही. दुखत होतं का? दुखत होतं. पण ते दुखणं शेजारच्या फ्लॅटमध्ये चालल्यासारखं, भिंतीपलीकडून येत होतं. ओढ्यात मी उतरलो तेव्हा पाणी चाकाशी कुजबुजत होतं. एका म्हशीने माझ्याकडे अत्यंत समजूतदारपणे पाहिलं. मी तिला नमस्कार केला. दोन गोळ्यांचा परिणाम हे आता कळतं, तेव्हा ते अगदी रीतसर वाटलं होतं.

डोंगराच्या चढाला मात्र भिंत पातळ झाली. एक कळ अशी आली की मी सायकलसकट बांधावरून अलगद खाली, मऊ मातीत. आकाश निळं झालं होतं. एक घार फिरत होती, पंख्यासारखी. म्हटलं, जरा पडावं. डबा उशाला घेतला. वाटलं, शर्यत संपली, मी झोपलोय, आता डोंगर येईल.

"आरं ए मुडद्या!"

मी डोळे उघडले. डोक्यावर पदर घट्ट बांधलेली एक म्हातारी हातात खुरपं घेऊन उभी होती.

"डोळं फुटलं का तुजं? सारा वाफा भुईसपाट केला! आनी वर निजलाय! कांदा हाय त्यो, गादी न्हाई तुज्या बापाची!"

काय सांगू! आठ महिन्यांनी कुणीतरी माझ्याशी असं बोलत होतं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "बोला मावशी," मी म्हणालो, "आणखी बोला."

म्हातारी बिचकली. गवराबाई तिचं नाव. तिने मला उठवून बसवलं, तांब्याने पाणी पाजलं. "लागलं का रं लई?" ती मऊ आवाजात म्हणाली, आणि माझं धाबंच दणाणलं. इथेही तेच सुरू होणार! मी घाईघाईने उठलो. डबा तिच्या कुत्र्याने एव्हाना उघडलाच होता, तो त्यालाच ठेवला. "मावशी, उताराची वाट कुठली?" तिने खुरप्याने दाखवली. निघालो. आता मला घरी जायचं होतं, आणि घरी जायचा रस्ता त्या घाटातून होता.

उतारावरून मी खरोखरच तसा उतरलो. पिवळं गवत होतं, वारा होता, चेनचा आवाज होता. फक्त कंबर होती, पूर्णपणे होती.

दिलेली वेळ संपून तास उलटला होता. बक्षिसं वाटून झाली होती, मंडपाच्या दोऱ्या सुटत होत्या. पण रंगराव घाटाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले होते. "माझा गाडा आल्याबिगर घाट बंद व्हनार न्हाई," असं त्यांनी सगळ्यांना बजावलं होतं. मालकाची बारी राहिली आणि घाट मोडला, असं त्या गावात कधी झालं नव्हतं. म्हणून सगळं गाव भुकेलं तिष्ठत होतं. मी दिसताच एकच गलका झाला. कुणीतरी गाड्यापुढे पळवतात ती घोडी आणली, कारण घोडीशिवाय बारी शोभत नाही. घोडी पुढे, मी मागे, वरून गुलाल. कर्णा बेंबीच्या देठापासून ओरडत होता, "रंगराव शेठ यांचा गाडा! अजून पळतोय! अजून पळतोय! बसला का? न्हाई, पळतोय!"

आणि घाटाच्या माथ्यावर अनिता उभी होती.

आधी मला वाटलं, गोळी. पण तिच्या शेजारी मारुतराव होते, आणि माझ्या स्वप्नात मारुतराव कधीच येत नाहीत. शर्यत लाइव्ह दाखवत होते. मारुतरावांनी ती टीव्हीवर लावली होती, नाव रंगरावांचं होतं, तोंड धुक्यात होतं, पण पट्ट्याचं मरून चौकटीचं कापड सगळ्या महाराष्ट्रात एकाच माणसाकडे. "वहिनी, या लवकर," त्यांनी हाक मारली होती, "तुमचे मिस्टर घाटात उतरलेत!"

मी सगळा जीव पायात आणला. शेवटच्या वीस पावलांत काय झालं ते विचारू नका. रेघ ओलांडली, घोडी थांबली, मी गुलालात उताणा पडलो आणि तिच्याकडे पाहिलं. आता बोलेल, आता ओरडेल.

अनिता वाकली. तिचे डोळे भरलेले होते. निवेदकाने कौतुकाने माइक पुढे केला, "वहिनी, दोन शब्द." ती अगदी हळू, त्याच त्या आवाजात म्हणाली, "अहो... फार दुखतंय का हो?"

संपलं सगळं. एकवीस किलोमीटर, दोन गोळ्या, गुरांचा दाखला, सगळं पाण्यात. मी डोळे मिटून घेतले. रडू येत होतं.

"गोळी घेतली होती का?" तिने विचारलं.

"दोन."

"दोन? कशावर?"

"कशावर म्हणजे?"

"काय खाल्लं होतं आधी?"

"काही नाही."

"डबा?"

"कुत्र्याने खाल्ला."

अनिता सरळ उभी राहिली, माइकही तिच्याबरोबर वर गेला.

"उपाशीपोटी?" अनिता म्हणाली. माइकने तो शब्द चार गावांना दिला. "उपाशीपोटी दोन गोळ्या? पहाटे पाचला उठून मी मेथीचे पराठे लाटले ते कुत्र्याला? आणि वर सायकल? कुणाची सायकल? अहो, जिन्यावर तुम्ही कठडा धरून चढता! वाण्याकडून लिंबू आणायला सांगितलं तर म्हणता वजन नको! आणि इथे डोंगर? मला काय बाहुली समजलात? बसमध्ये खिडकीशी बसू नका म्हणते मी, आणि हा माणूस ओढ्यातून जातो! आठ महिने! आठ महिने मी तोंड शिवून बसले. तुमची कंबर माझ्याशी भांडताना गेली. मला वाटायचं, माझ्यामुळे गेली. परत आवाज चढवला तर हा माणूस मोडेल. रोज रात्री तुमचा श्वास मोजत पडायचे मी. ओला टॉवेल टाकता गादीवर, आमटीला नावं ठेवता, मी गिळलं सगळं, गिळलं! आणि तुम्ही घोडीमागे पळताय! उठा! हात देणार नाही मी. स्वतः उठा!"

मी उठलो. कसा ते माहीत नाही, पण उठलो. बायकांच्या बाजूने टाळ्या पडल्या, मग सगळ्याच बाजूंनी. रंगरावांनी डोक्याचा फेटा काढला, माझ्या डोक्यावर ठेवला आणि निवेदकाला म्हणाले, "लिवून घ्या. हाकनाऱ्याचं नाव काय हाय ते बी लिवा."

"त्यांना काय विचारता?" अनिता माइकमध्येच म्हणाली. "ज्योतीराम साळुंखे. आणि अक्कल शून्य."

परतीला मारुतरावांची गाडी. ते पुढे, आम्ही मागे. मला सीटवर तिरकं बसावं लागत होतं, प्रत्येक खड्डा थेट मणक्यात जात होता, आणि पुढचे दोन आठवडे मी सतरंजीवरून हलणार नव्हतो, ते मला ठाऊक होतं. अनिता चाकणच्या चौकात माझ्या निष्काळजीपणावर होती, कुरुळीला माझ्या खोटेपणावर, आणि तळवड्याचा फाटा मागे पडला तेव्हा पडद्यांच्या कड्यांवर आली. तिचा आवाज खणखणीत होता. मारुतरावांनी अदबीने रेडिओ बंद केला.

शेजारून ट्रक हॉर्न वाजवत चालले होते. मी हळूच हात लांब केला आणि माझ्या बाजूची काच पूर्ण वर घेतली. तिचं एकही वाक्य बाहेरच्या गोंगाटात जायला नको होतं.